मोठं आरसी (रेडिओने चालवायचं) विमान कसं जोडायचं आणि पहिल्यांदा कसं उडवायचं

फोमचं ट्रेनर उडवून झालं, मग एखादं लो-विंग (पंख खाली असलेलं) आलं, लँडिंगला हात थरथरायचा बंद झाला, की नजर हळूहळू मोठ्या विमानाकडे जायला लागते. मोठं म्हणजे केवढं? या छंदात ढोबळ हिशोब असा की एका पंखाचं विमान असेल तर किमान ८० इंच विंगस्पॅन (पंखाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी) आणि बायप्लेन (एकावर एक दोन पंख) असेल तर ६० इंच. या लेखात मी ५० सीसीचं पेट्रोल इंजिन बसणारं, जवळपास तयार खोक्यात येणारं एआरएफ किट धरून चाललोय. असं विमान तयार होऊन साधारण ७-८ किलोचं भरतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मोठं विमान हवेत छोट्यापेक्षा जास्त समजूतदार वागतं, वाऱ्याने उचकत नाही, लांबूनही नीट दिसतं, सावकाश वळतं. पण १ किलोचं विमान ताशी ४० किमीने जातंय आणि ७ किलोचं ८० ने, तर दुसऱ्यात २८ पट ऊर्जा असते. छोट्या विमानात ढिला राहिलेला स्क्रू म्हणजे एक खराब दिवस, इथे त्याच स्क्रूमुळे समोर उभ्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून खाली उडवण्यापेक्षा जोडण्याबद्दल जास्त लिहिलंय, कारण पहिली फ्लाइट चांगली होणार की नाही हे बरंचसं टेबलावरच ठरतं.

खोकं उघडल्यावर

लगेच गोंद घेऊन बसू नका. मॅन्युअल आधी शेवटपर्यंत वाचा, पार्ट मोजा, पंख ट्यूबवर चढवून सगळं एकदा कोरडंच जुळवून बघा. मग टॉर्च घेऊन फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत बघा. फॅक्टरीत गोंद कमी पडलेले जॉइंट जवळजवळ प्रत्येक किटमध्ये सापडतात, विशेषतः फायरवॉल (इंजिन बसतं ती पुढची भिंत), लँडिंग गियरची प्लेट आणि विंग ट्यूब जिथे बसते ती जागा. बारीक फटीत पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) सोडा, पण फायरवॉलला आणि गियर प्लेटला ३० मिनिटवालं इपॉक्सीच लावा आणि कोपऱ्यात बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या चिकटवा. ५ मिनिटवालं इपॉक्सी अशा भार येणाऱ्या जागी मी वापरत नाही, ते लाकडात मुरायच्या आधीच घट्ट होतं. फायरवॉलच्या पुढच्या बाजूला इपॉक्सीचा पातळ हात फिरवा म्हणजे पेट्रोल आणि तेल लाकडात शिरणार नाही.

कव्हरिंगला सुरकुत्या असतील तर इस्त्री कमी तापमानापासून सुरू करून हळूहळू वाढवा, आणि पंखाच्या पुढच्या कडेची शिवण आधी दाबून घ्या, नाहीतर हीट गन मारल्यावर तीच उघडते.

हिंज

मोठ्या विमानात बहुतेक वेळा पिनवाले हिंज (बिजागऱ्या) असतात. सांध्यावर थोडं व्हॅसलिन लावा, मग भोकात इपॉक्सी घालून हिंज बसवा, व्हॅसलिनमुळे सांधा चिकटत नाही. हिंजची रेषा एका सरळीत हवी. सुकल्यावर प्रत्येक सरफेस (हलणारा भाग) हाताने चांगला ओढून बघा, भीड बाळगू नका, निघायचा असेल तर टेबलावरच निघालेला बरा. नंतर हिंजच्या फटीवर खालून पारदर्शक टेप किंवा कव्हरिंगची पट्टी लावून ती बंद करा. याने कंट्रोल नेमका होतो आणि फ्लटरची (त्याबद्दल खाली) शक्यता कमी होते.

सर्व्हो (सरफेस हलवणाऱ्या मोटर) आणि लिंकेज (त्यांना सरफेसशी जोडणारे भाग), इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

फ्लटर म्हणजे वेग वाढल्यावर एलिरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा सरफेस) किंवा एलेव्हेटर (शेपटीवरचा आडवा सरफेस) स्वतःहून फडफडायला लागणं. दोन-तीन सेकंदात हिंज उपटून निघू शकतात. माझ्या पहिल्या मोठ्या विमानात हे झालं. थोडी डाइव्ह दिली आणि एकदम जाड घरघर ऐकू आली, जशी मोठी माशी कानाजवळून जावी, मी थ्रॉटल पूर्ण खाली घेतला, नाक हळूच वर केलं आणि सरळ लँड केलं. उजव्या एलिरॉनचा प्लास्टिकचा सर्व्हो आर्म दातांवर सैल झालेला होता, हाताने हलवला तर एलिरॉनच्या मागच्या कडेला चांगलाच खेळ जाणवत होता. तो आर्म मीच बसवला होता आणि हाताने तपासलाच नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक सरफेस धरून हलवून बघितल्याशिवाय मी विमान घराबाहेर काढत नाही.

५० सीसीच्या विमानाला २० ते २५ किलो-सेमी टॉर्कचे मेटल गियरवाले सर्व्हो घ्या. आर्म धातूचा, दोन्ही टोकांना बॉल लिंक, पुशरॉड (दोन्ही जोडणारी काडी) जाड आणि जमेल तेवढा आखूड. आणि लिव्हरचं गणित नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण उलटं करतात: पुशरॉड सर्व्होच्या बाजूला आतल्या भोकात आणि कंट्रोल हॉर्नच्या (सरफेसवरच्या खुंटाच्या) बाजूला बाहेरच्या भोकात असेल तर ताकद वाढते आणि खेळ कमी होतो. उलट केलं तर सरफेस भरपूर हलतो पण सर्व्होला तो धरून ठेवणं जड जातं. थ्रो (सरफेसची हालचाल) कमी हवा असेल तर रेडिओत टक्के कमी करू नका, आधी भोक बदला.

जिथे धातूवर धातूचा स्क्रू आहे तिथे निळा थ्रेडलॉकर लावा, आधी स्क्रूवरचं तेल पुसून. प्लास्टिकला तो लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. सर्व्होच्या एक्स्टेंशन वायरी जाड घ्या आणि प्रत्येक कनेक्टरला क्लिप लावा किंवा दोऱ्याने बांधा.

इंजिन आणि टाकी

इंजिन फायरवॉलला बसवताना मॅन्युअलमध्ये दिलेला राइट थ्रस्ट आणि डाऊन थ्रस्ट तसाच राहू द्या, इंजिन थोडं उजवीकडे बघतंय म्हणून वॉशर घालून सरळ करू नका. टाकीला तीन नळ्या असतात: कार्बोरेटरची, हवेची आणि भरायची. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि खराब होते, म्हणून पेट्रोलला टिकणारीच नळी वापरा, टाकीच्या आत क्लंकला (नळीच्या टोकाच्या वजनाला) लावलेली सुद्धा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल इंजिन बनवणाऱ्याने सांगितलंय त्याच प्रमाणात. ३२:१ सांगितलं असेल तर ४ लिटरला १२५ मिली.

काऊलमध्ये (इंजिनवरच्या झाकणात) हवा आत येते त्यापेक्षा बाहेर जायला जास्त जागा हवी, साधारण दुप्पट-तिप्पट, आणि आत आलेली हवा सिलिंडरच्या फिन्समधूनच गेली पाहिजे, त्यासाठी बाल्साचा किंवा पातळ प्लायचा बॅफल लावा. गरम होऊन हवेत बंद पडणारी बरीच इंजिनं आतून ठणठणीत असतात, त्यांना फक्त हवा मिळत नसते.

प्रॉप (पुढचा फिरणारा पंखा) बॅलन्स करूनच लावा. ५० सीसीला २२x८ किंवा २३x८ (इंचात व्यास आणि पिच) ने सुरुवात करतात. लाकडी प्रॉप असेल तर पहिल्या काही रननंतर बोल्ट परत आवळा कारण लाकूड दबतं.

वीज

इग्निशन (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा) रेडिओला त्रास देऊ शकतं. इग्निशन मॉड्युल, त्याची बॅटरी आणि स्विच पुढे एका बाजूला ठेवा, रिसीव्हर मागे, मध्ये फूटभर तरी अंतर. थ्रॉटलच्या लिंकेजमध्ये निदान एक भाग नायलॉनचा ठेवा म्हणजे इंजिनपासून सर्व्होपर्यंत सलग धातू राहत नाही. रिसीव्हरला दोन वेगळ्या बॅटऱ्या, दोन वेगळे स्विच द्या, एक मेली तरी दुसरीवर विमान खाली येतं. ६.६ व्होल्टचे एलआयएफई पॅक यासाठी चांगले. अँटेना एकमेकींना काटकोनात आणि कार्बनच्या भागांपासून लांब. इग्निशनला रेडिओवरून बंद करता येईल असा ऑप्टिकल किल स्विच लावाच, यात पैसे वाचवू नका.

इलेक्ट्रिक करत असाल तर इंजिनचं सगळं सोडून द्या, पण एवढं लक्षात ठेवा की या साइजला १२ सेलची लायपो लागते आणि ती जोडल्या क्षणापासून प्रॉप कधीही फिरू शकतो असंच समजून वागायचं.

सीजी

सीजी म्हणजे विमानाचा तोलबिंदू. टाकी रिकामी ठेवून, बाकी सगळं जागेवर बसवून मोजा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पट्ट्याच्या पुढच्या भागात सीजी ठेवून पहिली फ्लाइट करा. शेपूट जड असलेलं विमान पहिल्याच टर्नमध्ये हातातून जातं, नाक थोडं जड असेल तर फक्त लँडिंगला जरा वेग लागतो. शिसं चिकटवायच्या आधी बॅटऱ्या पुढे-मागे सरकवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. पंख डावी-उजवीकडेही तोलून घ्या.

रेडिओ

लो रेट आणि हाय रेट (सरफेसची कमी आणि जास्त हालचाल) मॅन्युअलप्रमाणे मिलिमीटरमध्ये मोजून सेट करा, अंदाजाने नको. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारी सेटिंग) घालताना सांभाळा: फुताबाच्या रेडिओत हालचाल मऊ करायला आकडा वजा लागतो, स्पेक्ट्रमच्या रेडिओत अधिक. उलट टाकलात तर विमान मधल्या भागातच भयानक तिखट होतं.

आता विमानाच्या मागे उभं राहा. स्टिक उजवीकडे केली की उजवा एलिरॉन वर जायला हवा, डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. उलटे एलिरॉन घेऊन टेकऑफ केलेली विमानं अनुभवी लोकांच्या हातूनही पडलीत, म्हणून हे दर वेळी, दर दिवशी तोंडाने बोलून तपासा.

फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर लागू होणाऱ्या सेटिंगला) थ्रॉटल पूर्ण बंद होईल असं सेट करा आणि इंजिन बंद असताना ट्रान्समीटर ऑफ करून कार्बोरेटरचा आर्म खरंच मिटतो का ते डोळ्याने बघा.

जमिनीवर इंजिन

एकाने शेपटाजवळ विमान घट्ट धरायचंच, हे एकट्याचं काम नाही. जाड हातमोजा घाला, सैल बाही किंवा गळ्यात लटकणारं काही नको, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. इग्निशन बंद ठेवून चोक लावून प्रॉप काही वेळा फिरवा म्हणजे पेट्रोल ओढलं जाईल, मग इग्निशन चालू, थ्रॉटल जरासा उघडा, आणि एकदा फुसकन पेटल्याचा आवाज येईपर्यंत फ्लिप करा. तो आला की चोक काढा आणि परत फ्लिप करा, दोन-चारमध्ये चालू होतं. चालू झाल्यावर मागे येऊनच नीडलला (पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावा, प्रॉपच्या रेषेत बाजूलाही कुणी उभं नको.

हाय नीडल: फुल थ्रॉटलला आरपीएम सगळ्यात वर जाईपर्यंत बंद करत आणा, मग थोडी परत उघडा. लो नीडल: थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन विझत असेल तर मिश्रण पातळ आहे, उघडा, आणि गुरगुरत धूर काढत वर येत असेल तर जाड आहे, जरा बंद करा. नाक वर करून फुल थ्रॉटलला टिकतं का तेही बघा. आयडल भरवशाचं झाल्याशिवाय उडवायला जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

मग रेंज चेक, ट्रान्समीटर कमी पॉवरवर ठेवून ३० पावलं, आधी इंजिन बंद आणि मग चालू. दोन्ही वेळा सारखाच निकाल हवा. इंजिन चालू असताना सर्व्हो थरथरले तर घरी परत जा आणि वायरिंग बघा.

पहिली फ्लाइट

जागेची आणि वजनाची परवानगी तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे आधीच बघून ठेवा. मंद वारा आणि तो रनवेच्या सरळीत असलेला दिवस निवडा, शेजारी एक जाणकार उभा करा, टायमर ५-६ मिनिटांवर.

टेलड्रॅगर (छोटं चाक शेपटीखाली असलेलं विमान) असेल तर टॅक्सी करताना एलेव्हेटर वर धरून ठेवा म्हणजे नाक आपटणार नाही. वाऱ्यासमोर उभं करा आणि थ्रॉटल तीन-चार सेकंद घेऊन हळूहळू वाढवा. विमान डावीकडे ओढणार, उजवा रडर (शेपटीवरचा उभा सरफेस) तयार ठेवा, आणि थ्रॉटल एकदम ढकललात तर रडर पुरणार नाही. वेग आला की शेपूट आपोआप उचलतं, मग अगदी थोडा एलेव्हेटर. चढ उथळ ठेवा, चांगली उंची येईपर्यंत वळू नका.

वर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणून ट्रिम करा (स्टिक सोडली तरी सरळ जाईल असं जुळवा). मग उंचावरच वेग कमी करत जा आणि स्टॉल (वेग कमी होऊन पंखांची उचल जाणं) कुठे येतो, कुठला पंख आधी पडतो ते बघून घ्या, लँडिंगला हीच माहिती कामाला येते. कारण मोठं विमान डोळ्याला फार सावकाश जाताना दिसतं, आकार मोठा असल्याने आपल्याला वाटतं की अजून वेग खूप आहे, म्हणून आपण आणखी कमी करतो आणि शेवटच्या वळणात ते स्टॉल होऊन पंखावर पडतं. नवीन मोठी विमानं जातात ती इथेच. म्हणून तो टर्न मोठा घ्या, नाक खाली ठेवा, थोडा थ्रॉटल शेवटपर्यंत ठेवा. उतरण्याचा दर थ्रॉटलने सांभाळा आणि वेग एलेव्हेटरने. पहिले दोन अप्रोच फक्त सरावासाठी करा, खाली येऊन परत वर जा, तिसऱ्याला उतरवा.

इंजिन मध्येच बंद पडलं तर लगेच नाक खाली. रनवेपर्यंत पोहोचत नाही असं दिसलं तर ओढून ताणून आणू नका, समोरच्या रिकाम्या गवतात पंख सरळ ठेवून उतरवा, गियर वाकला तर वाकू दे.

उतरल्यावर इग्निशन आणि रिसीव्हर बंद करा, काऊल काढा आणि इंजिनचे, मफलरचे, प्रॉपचे, पंखांचे सगळे बोल्ट हाताने तपासा, पहिल्या फ्लाइटनंतर एखादा तरी ढिला निघतोच. प्रत्येक सरफेस परत हलवून बघा, बॅटरी किती उतरली ते लिहून ठेवा, आणि मगच दुसऱ्यांदा टाकी भरा.