गिअरबॉक्स जागेवर ठेवून जीपचे इंजिन घरी उतरवताना

मराठवाड्यात अजूनही अनेक वाड्यांच्या आणि शेताच्या आवारात जुनी डिझेल जीप उभी दिसते. गाडीचा सांगाडा भक्कम असतो, गिअर नीट पडतात, पण इंजिन धूर ओकू लागलेले असते किंवा ऑइल खाऊ लागलेले असते. अशा वेळी रिंगा, लायनर किंवा क्रँकच्या कामासाठी फक्त इंजिन बाहेर काढावे लागते. गिअरबॉक्स, त्याच्या मागची जोडणी आणि प्रॉपेलर शाफ्ट यांना हात लावण्याची गरज नसते. गिअरबॉक्सचे ऑइल सांडत नाही, उचलायचे वजन कमी होते आणि दोन माणसांचे काम दोन दिवसांत आवरते. मात्र हे सारे ज्या गाडीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवलेले असते आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो, अशा गाडीबद्दल आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, बाजूला सरकवायला जागा नसते. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढून बाहेर वेगळे करणेच मला बरे वाटते.

पहिला विचार जागेचा करावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि एका पावसात लोण्यासारखी मऊ होते. अशा जमिनीवर उभ्या केलेल्या घोडीचा, म्हणजे इंजिन टांगायच्या तिपाईचा, एक पाय चार बोटे जरी खचला, तरी वर टांगलेले दोनशे किलोंच्या आसपासचे इंजिन एका बाजूला झुकते. म्हणून काम सिमेंटच्या कोब्यावर करावे. कोबा नसेल तर प्रत्येक पायाखाली जाड लाकडी फळी घालावी. शहाबादी फरशी घालू नये, कारण एका टोकावर भार आला की ती तडकते. लिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन काढल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, परंतु फांदी आतून किती पोखरलेली आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. बोअरमधली मोटार काढणाऱ्यांकडे लोखंडी पाइपांची तीन पायांची घोडी आणि चेन कप्पी असते, ती एक-दोन दिवसांसाठी भाड्याने मिळू शकते. कप्पी एक टनाची घ्यावी, घोडीचा माथा दहा फुटांपर्यंत असावा आणि तिन्ही पाय खालून एकमेकांना साखळीने बांधावेत, म्हणजे ते फाकत नाहीत. घोडीचे दोन पाय जीपच्या दोन बाजूंना आणि तिसरा पुढे येईल अशी रचना केली, की इंजिन उचलल्यावर घोडी हलवावी लागत नाही. जीप मागे ढकलली की काम होते.

मे महिन्यात हे काम करायचे असेल तर सकाळी सहाला सुरुवात करून अकराला थांबावे. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही, आणि घामेजल्या, थकलेल्या हातांनी जड वस्तू उचलणे धोक्याचे असते.

आदल्या दिवशी इंजिन धुऊन घ्यावे. सायलेन्सरच्या आणि मॅनिफोल्डच्या गंजलेल्या नटांवर रात्रभर डिझेल सोडून ठेवावे, म्हणजे सकाळी ते तुटण्याऐवजी सुटतात. बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढावी. चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत, गाडी न्यूट्रल ठेवावी. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे आणि कूलंट झाकणाच्या डब्यात भरून लगेच उचलून ठेवावे. कूलंट चवीला गोड असते आणि विषारीही. अंगणात उघडे राहिलेले घमेले कुत्र्याच्या किंवा वासराच्या जिवावर बेतू शकते. काढलेले ऑइलही बांधावर किंवा नालीत ओतू नये. ते बंद डब्यात साठवावे आणि जुने ऑइल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

बॉनेट, ग्रिल, पंखा आणि रेडिएटर काढले की समोरचा रस्ता मोकळा होतो. डिझेलचे पाइप फीड पंपापाशी सोडवून त्यांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकने लगेच बांधावीत, कारण धुळीचा एक कणसुद्धा डिझेल पंपाला पुरेसा असतो. ॲक्सिलरेटरची जोडणी, इंजिन बंद करण्याची केबल, ऑइल प्रेशरची आणि तापमानाची वायर, चासीला जोडलेली अर्थिंगची पट्टी, अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असल्यास त्याचा पाइप, हे सारे सोडवताना प्रत्येक टोकाला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहावे आणि मोबाइलवर फोटो काढावा. दोन दिवसांत लक्षात राहते, पण इंजिन लेथवाल्याकडे तीन आठवडे अडकले तर राहत नाही. गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर पंप पाइपांसकट सोडवून बाजूला बांधावा. शेवटी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटार, काढावा. त्याचे बोल्ट बेल हाउसिंगमध्येच, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कव्हरमध्येच, बसलेले असतात. क्लचची जोडणी गिअरबॉक्सवरच असेल तर तशीच राहू द्यावी, पण तिचे एक टोक इंजिनला किंवा चासीला टेकलेले असेल तर ते न विसरता सोडवावे.

यापुढचा भाग या कामाचा गाभा आहे, आणि तो मी एक नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या जीपचे इंजिन एका गॅरेजमध्ये उतरवले गेले. बसवताना इंजिन थोडा वेळ क्लच शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समधून क्लच प्लेटमध्ये जाणाऱ्या दांड्यावर, लटकत राहिले, आणि कोणी ते मनावर घेतले नाही. गाडी सुरू झाली, पण पहिल्या गिअरमध्ये ती थरथरत सुटे आणि क्लच पूर्ण दाबला तरी गिअर करकरत पडे. पुन्हा उघडल्यावर क्लच प्लेटचा मधला भाग वाकलेला निघाला. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून आहे: गिअरबॉक्सचा शाफ्ट हा इंजिन पेलण्यासाठी नसतो. इंजिनाचे वजन कप्पीवर आणि गिअरबॉक्सचे वजन चासीवर, अशी वाटणी काम संपेपर्यंत कायम राहिली पाहिजे.

गिअरबॉक्सची पुढची बाजू एरवी इंजिनच धरून ठेवते, त्यामुळे इंजिन निघाले की ती खाली झुकते. अनेक जण खाली जॅक लावतात, पण जॅक जमिनीवर असतो आणि आपल्याला जीप मागे ढकलायची असते. त्यापेक्षा चासीच्या दोन्ही लांब्यांवर एक जाड लोखंडी पाइप आडवा टाकावा आणि बेल हाउसिंग त्याला साखळीने आवळून टांगावे. मग गिअरबॉक्स गाडीबरोबरच सरकतो.

इंजिन उचलण्यासाठी हेडवर कड्या असतील तर त्याच वापराव्यात. नसतील तर पूर्ण आटे बसलेल्या मजबूत बोल्टांना साखळी लावावी. दोर वापरू नये. एक टोक पुढे आणि दुसरे मागच्या विरुद्ध बाजूला असावे, म्हणजे इंजिन तोलात राहते. आता बेल हाउसिंगचे बोल्ट काढावेत. वरचे बोल्ट बॉनेटच्या बाजूने दिसतही नाहीत. केबिनमधला गिअरवरचा पत्रा काढला की ते सहज हाती येतात. दोन बाजूंचे दोन बोल्ट राहू द्यावेत. कप्पी ओढून साखळी ताणावी, पण फक्त माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन चासीवर टेकवणाऱ्या आधारांच्या, रबरावरचा भार हलका होईपर्यंतच. मग माउंटिंग सोडवावे आणि अखेर ते दोन बोल्ट काढावेत.

इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यात केसाएवढी फट दिसू लागेल. ती वर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे पट्टीने मोजावे. वर फट जास्त आणि खाली कमी असेल तर इंजिनाची पुढची बाजू जास्त खाली झुकलेली आहे. साखळीचा तोल बदलून फट सारखी करावी. फट सारखी राखत इंजिन हळूहळू पुढे ओढले, की शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटमधून सरकल्याचा मऊ, घासल्यासारखा आवाज येतो. तो आवाज सलग आला तर समजावे की सारे सरळ रेषेत आहे. इंजिन अडले तर टॉमी घालून उचकटू नये. दहापैकी नऊ वेळा एखादा बोल्ट, बहुधा खालच्या फ्लायव्हील कव्हरचा, राहिलेला असतो. शाफ्टचे टोक प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) पूर्ण बाहेर आल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इंजिन एक इंचही वर उचलू नये.

त्यानंतर इंजिनाचे तोंड किंचित वर करून ते उचलावे, चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, पुढच्या आडव्या पट्टीला अडत नाही हे पाहत राहावे, मग चाकांचे दगड काढून दोघांनी जीप मागे ढकलावी. या वेळी कोणीही इंजिनाखाली जाऊ नये आणि इंजिन व चासी यांच्या मध्ये हात घालू नये. मुलांना तर आवारातच येऊ देऊ नये. इंजिन चेंबरवर टेकवू नये, कारण तो पातळ पत्रा असतो. ब्लॉकच्या कडांखाली लाकडी ओंडके द्यावेत.

उघड्या बेल हाउसिंगवर कापड बांधावे, पाइपांची तोंडे बुजवावीत. आपल्याकडे कुंभारीण माशी आठवडाभरात उघड्या नळीत मातीचे घर करते, हे मी दोनदा पाहिले आहे. हाताशी सारे उघडे आहे तोवर रिलीज बेअरिंग फिरवून पाहावे, क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये बोट घालून खडबडीतपणा तपासावा आणि मागचे ऑइल सील बदलूनच घ्यावे. दुसरे इंजिन बसवायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी; इंजिन नंबर आरसी बुकावर असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांचे नियम आहेत.

बसवताना क्लच प्लेट जुन्या शाफ्टने किंवा लेथवर कातून घेतलेल्या लाकडी दांड्याने बरोबर मध्यावर आणावी आणि मगच प्रेशर प्लेट आवळावी. खाचा जुळत नसतील तर गाडी गिअरमध्ये टाकून, चाकांना दगड लावलेले असताना, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक थोडा थोडा फिरवावा. एका ठिकाणी इंजिन आपोआप आत सरकते. शेवटचे अर्धा इंच अंतर हाताने मिटले पाहिजे. ते बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह झाला, तर तिथेच थांबून इंजिन पुन्हा पुढे ओढावे आणि कोन पुन्हा मोजावा. सारे जोडून, ऑइल व कूलंट भरून, डिझेल लाइनमधली हवा काढली की गाडी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवावी, क्लच दाबून प्रत्येक गिअर टाकून पाहावा आणि इंजिन थंड झाल्यावर बेल हाउसिंगचे व माउंटिंगचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.