सुरी, मूठ आणि म्यान : हाताने घडवताना या चुका टाळा

मुठीलगत केसभर फट पडलेली असते. किंवा म्यानातून काढलेल्या पात्यावर गंजाचे ठिपके दिसतात, कोऱ्या चामड्यावर काळे डाग उमटतात. डोळ्यांना खुपतं तिथेच आपण डागडुजी करू लागतो. पण चूक बहुधा दोन-तीन टप्पे आधी, दुसऱ्याच जागी झालेली असते. मला हे उमजायला बऱ्याच सुऱ्या घडवाव्या लागल्या.

पातं

पोलादाला पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून आणि तेलात बुडवून ते कडक करण्याआधी, मुठीच्या पिनांची भोकं पाडून घ्या. एकदा पातं कडक झालं की साधं ड्रिल त्यावर नुसतं तापतं आणि बोथट होतं. मुठीत जाणाऱ्या भागाला, म्हणजे टँगला, पिनांशिवाय आणखी चार-पाच भोकं पाडा. त्यांतून एपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा पक्का गोंद) आरपार जाते आणि मुठीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून खुंटीसारखी धरते.

चुंबक चिकटेनासं झालं की पातं तेलात बुडवायचं, असं अनेकजण करतात. चुंबकत्व 770 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. 1084 सारख्या साध्या कार्बन पोलादाला मात्र 815 अंशांच्या जवळपास न्यावं लागतं, म्हणजे अजून थोडा ताव हवा. तेलही कोमट हवं, साधारण 50 अंश. थंड झालेल्या पात्यावर कानस घासून पाहा. ती घसरली तर पातं कडक झालं, रुतली तर पुन्हा तापवा. कडक झालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून त्याच दिवशी ते टेंपर करा, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी 200 अंशांवर दोन-दोन तास दोनदा तापवा.

पुढे ग्राइंडरवर धारेची कड निळी पडली, तर तिथलं पोलाद 300 अंशांच्या आसपास तापून नरम पडलेलं असतं. पॉलिशने निळा रंग जातो, नरमपणा तसाच राहतो. तेवढा भाग सावकाश घासून काढणं किंवा पात्याला पुन्हा पाणी देणं, एवढेच मार्ग उरतात.

मूठ

फट कुठे आहे ते आधी नीट बघा, कारण चूक कोणती ते तिथूनच कळतं. संपूर्ण लांबीभर असेल तर टँग किंवा फळी सपाट नव्हती. काचेवर पॉलिशपेपर ठेवून दोन्ही घासायला हवं होतं. फक्त टोकांशी उघडली असेल तर लाकूड किंवा शिंग हललं आहे. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि शिंग हवेतल्या दमटपणाबरोबर वाकतं. म्हणून अशा फळ्या कापल्यावर काही आठवडे तशाच पडू द्या, मग पुन्हा सपाट करून चिकटवा. राळ भरून स्थिर केलेलं लाकूड आणि मायकार्टा (राळेत दाबलेले कापडाचे किंवा कागदाचे थर) असा त्रास सहसा देत नाहीत. नवशिक्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

पिनांभोवती फट असेल तर संशय उष्णतेवर घ्या. ग्राइंडरच्या खरखरीत पट्ट्यावर मूठ घासताना पितळी पिन झटकन तापते आणि ती उष्णता थेट आतल्या एपॉक्सीत उतरते. अनेक एपॉक्सी 60-70 अंशांनाच मऊ पडतात. नवा धारदार पट्टा लावा आणि पिनेला बोट लावून पाहत राहा. चटका बसला तर थांबा.

क्लॅम्प जोर लावून आवळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सगळी एपॉक्सी बाहेर पिळून जाते, सांधा कोरडा राहतो आणि महिन्याभराने फळी सुटते. फळी जागेवर बसेल इतकाच दाब पुरे. चिकटवायच्या बाजू 60-80 नंबरच्या कागदाने खरखरीत करा, ॲसिटोनने पुसा. शिसवीसारख्या तेलकट लाकडाला हे पुसणं चुकवूच नका. पाच मिनिटांत सुकणाऱ्या एपॉक्सीचा मोह टाळा आणि सावकाश सुकणारीला पूर्ण 24 तास द्या.

फळ्यांचं पात्याकडचं टोक चिकटवण्याआधीच पूर्ण पॉलिश करून ठेवा. नंतर तिथे कागद फिरवायला गेलात तर पात्यावर ओरखडे पडतात.

शिंग, हाड आणि शिंपला यांतल्या पिना ठोकून फुलवू नका, तडा जातो. या सगळ्यांची धूळ, तशीच मायकार्टा आणि काचतंतूंच्या जी-10 ची धूळ, फुप्फुसांना घातक आहे. साधा रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लावा. आणि हस्तिदंताच्या वाटेला जाऊ नका. आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय 1989 सालीच झाला.

म्यान

ओल्या चामड्यावर उमटणारे काळे डाग लोखंडाच्या धुळीचे असतात. झाडांच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. लोखंड आणि पाणी मिळालं की त्यातून निळसर काळा रंग तयार होतो. जुनी लिहायची शाई याच रसायनाची असे. म्हणजे चूक चामड्याच्या कामात झालेलीच नसते, टेबल न पुसण्यात झालेली असते. चामडं काढण्याआधी टेबल, हात आणि हत्यारं स्वच्छ करा. डाग पडलाच तर लिंबाचा रस लावा. डाग फिका होतो, मग पाण्याने पुसून घ्या.

क्रोमने कमावलेलं मऊ चामडं म्यानाला नको. ते आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. सालीच्या चामड्यातही सुरी महिनोन्‌महिने ठेवू नये. ती वेगळी ठेवावी, पात्याला तेलाचा हात द्यावा.

दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, चामड्याची पट्टी घालायला विसरलात तर धार प्रत्येक वेळी टाक्यांवरून जाते आणि दोरा कापते. एक दिवस सुरी म्यानाच्या कडेतून बाहेर येते. मी हे पाहिलं आहे, म्हणून पट्टीशिवायचं म्यान मी कुणाला देत नाही. टाके दोन सुयांनी, मेणवलेल्या दोऱ्याने घाला, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात.

ओलं म्यान सुरीवर बसवताना पातं आणि मूठ दोन्ही प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा. शेवटची धार या टप्प्यानंतरच लावा. ओलं म्यान ओव्हनमध्ये किंवा हीटरसमोर वाळवलं तर आकसून कडक आणि ठिसूळ होतं, आणि ते पूर्ववत करता येत नाही. सावलीत वाळू द्या. वाळल्यावर मऊ कापडावर म्यान उलटं धरून हलवा. सुरी घसरली तर तोंडाकडचा भाग पुन्हा ओला करून मुठीच्या वळणावर बोटांनी दाबून बसवा.