ड्रिल मशीनच्या बॉडीत करंट येत होता

माझ्या जुन्या, धातूच्या बॉडीच्या ड्रिल मशीनला हात लावला की बोटांना हलक्या झिणझिण्या यायच्या. रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. एकदा ओल्या फरशीवर उभा असताना मात्र हात कोपरापर्यंत झटकला गेला आणि मी काम तिथेच थांबवलं.

आधी प्लग काढला, मग मशीन उघडलं. वायर जिथून हँडलमध्ये शिरते तिथलं रबर वाकून वाकून चिरलं होतं आणि तांब्याच्या दोन-तीन काळपट तारा बॉडीला टेकत होत्या. थ्री पिन उघडल्यावर खरं कारण कळलं: अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूमधून निसटून नुसती लोंबत होती! ती जागेवर असती तर फ्यूज केव्हाच उडाला असता.

चिकटपट्टी गुंडाळून भागवायचं नाही, हे पक्कं होतं. पूर्ण तीन तारांची नवी केबल टाकली, तोंडाशी क्लॅम्प घट्ट आवळला. प्लगमध्ये हिरवी वायर मुद्दाम थोडी लांब ठेवली, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. प्लगची मोठी पिन आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावला, 1 ओहमपेक्षा कमी आलं, म्हणजे अर्थिंग नीट जोडलं गेलं होतं.

बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबीही (एवढा करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घेतला. साधा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तो वायरिंगसाठी असतो. आता काम सुरू करण्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघतो.