लोअरिंग स्प्रिंग घेताना या चुका टाळा: गाडी किती बसेल त्याआधी किती दबेल ते मोजा

नागपुरात गाडी खाली घ्यायला, म्हणजे बुटक्या स्प्रिंगा लावून तिची उंची कमी करायला, दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती एमएम बसेल?" तीस ऐकलं की गिऱ्हाईक खूश, चाळीस ऐकलं की मित्रमंडळी खूश. पण बसण्याचा हा आकडा स्प्रिंगबद्दल फारच थोडं सांगतो. बसलेल्या गाडीला पुढे दबायला किती जागा उरली, आणि ती संपल्यावर चाकाला कोण अडवतं, बंप स्टॉपचं, म्हणजे चाक पुरतं वर आल्यावर त्याला थोपवणारं रबर, की स्प्रिंगचं पोलाद, हे त्यावरून कळत नाही.

स्प्रिंगचे सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडी नळकांडं होते. यालाच कॉईल बाइंड म्हणतात. त्या क्षणी खड्ड्याचा सगळा मार वरच्या माउंटवर (स्प्रिंगचं वरचं टोक बॉडीला धरणारा रबरी भाग) आणि बॉडीच्या टॉवरवर (तो जिथे बसतो तो उंचवटा) जातो. वळणावर असं झालं तर त्या चाकावरचा भार एकदम वाढतो आणि टायर घसरतो. वारंवार झालं तर माउंटचं रबर फाटतं, टेकलेल्या जागी रंग उडून गंज धरतो आणि एक दिवस तिथूनच स्प्रिंग तुटते.

जाड तार म्हणजे मजबूत स्प्रिंग, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक ही. स्प्रिंगचा रेट, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला लागणारे किलो, तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चढतो. वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येने उतरतो. तार १२ मिमीची १३ केली की बाकी सगळं तेच असताना रेट सुमारे ३८ टक्के वाढतो. म्हणून जाड तार वापरून तोच रेट ठेवायचा तर वेढे वाढवावे लागतात. जाड तार, त्यात जास्त वेढे, म्हणजे पूर्ण मिटलेली स्प्रिंग उंच. चांगल्या पोलादाला जास्त ताण सोसतो, म्हणून तिथे पातळ तारेवर आणि कमी वेढ्यांवर भागतं. हलक्या प्रतीच्या पोलादाला ताण कमी ठेवावा लागतो, म्हणून तार जाड घेतात. हातात घेतल्यावर तीच दणकट वाटते, हा यातला विनोद.

एका छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या बाजूचा हिशेब पाहा. आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या गाडीचे आपण मोजायचे. दोन माणसं बसून पुढच्या ॲक्सलवर ६२० किलो, म्हणजे एका चाकावर ३१०. चाक, ब्रेक, हब यांचे अंदाजे ३५ वजा केले की स्प्रिंगवर २७५ किलो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेल्या पुढच्या रचनेत, स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते, म्हणून हा भार तसाच धरला तरी चालतो. कंपनीची स्प्रिंग उभ्या गाडीत २१५ मिमी असेल, तर ३० मिमी खाली घेतल्यावर १८५. त्यापुढे बंप स्टॉप पूर्ण चेपेपर्यंत ५५ मिमी प्रवास उरला असं धरू. म्हणजे स्प्रिंगला १३० मिमीपर्यंत दबावं लागणार.

आता दोन स्प्रिंगा घ्या. दोन्हींचा रेट मिमीला २.८ किलो, मोकळी लांबी २८३ मिमी, वेढ्याचा मध्यव्यास १३० मिमी. पहिलीची तार १२.५ मिमी आणि एकूण वेढे साडेपाच. दुसरीची तार १४ मिमी आणि वेढे पावणेआठ. टोकं घासून सपाट केलेली नसतील तर मिटलेली लांबी ढोबळमानाने (वेढे + १) गुणिले तारेची जाडी. पहिली ८१ मिमीला मिटते, दुसरी १२२ मिमीला. १३० मिमीच्या गरजेपुढे पहिलीला जवळपास ४९ मिमी शिल्लक, दुसरीला ८. बॉक्सवर दोन्हीकडे "३० मिमी ड्रॉप" एवढंच लिहिलेलं. शिल्लक १० ते १५ मिमीपेक्षा कमी असेल तर ती स्प्रिंग घेऊ नका. मोजमापातली चूक आणि स्प्रिंग ज्यावर टेकते त्या रबर सीटचं चेपणंच तेवढं खाऊन टाकतं.

पिंपाच्या आकाराच्या स्प्रिंगांना, ज्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मागे असतात, हे सूत्र लागू नाही. त्यांचे वेढे एकमेकांच्या पोटात शिरतात आणि त्या बऱ्याच कमी उंचीला मिटतात. तसंच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबत जाऊ तशी कडक होणाऱ्या, स्प्रिंगमध्ये एका टोकाचे जवळजवळचे वेढे गाडी उभी असतानाच टेकलेले दिसतात. ते मुद्दाम तसे असतात. ते पाहून स्प्रिंग परत करायला धावू नका. पण मिटलेली लांबी मोजताना तेही वेढे धरायचे.

बंप स्टॉप काढून टाकणे

"रबर काढलं की गाडी मऊ चालते" हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. वरचंच उदाहरण घ्या. ६० मिमीचा स्टॉप पूर्ण चेपून १५ मिमी होतो असं समजा. तो काढला की शॉकअपला १५ मिमी जास्त आत जायला वाव मिळतो आणि स्प्रिंगला १३० ऐवजी ११५ मिमीपर्यंत जावं लागतं. जाड तारेची स्प्रिंग १२२ लाच मिटलेली असते. म्हणजे रबर असेपर्यंत कशीबशी निभावणारी स्प्रिंग ते काढताच बाइंड होते. पातळ तारेची वाचते, पण शॉकअपचा पिस्टन खाली आपटून त्याचा व्हॉल्व्ह जातो. स्प्रिंग बनवणाऱ्याने स्टॉप कापायला सांगितलं असेल तर तेवढंच मोजून कापा, आणि चिरा पडून भुगा होत असेल तर नवा घाला. हा भाग फारसा महाग नसतो आणि त्यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

वजन अंदाजाने धरणे

एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या ॲक्सलच्या वजनात मोठा फरक असतो. सीएनजीची टाकी मागचा भार वाढवते. त्यामुळे मित्राच्या गाडीला बसलेली स्प्रिंग आपल्या गाडीला बसेलच असं नाही. वजनाची सोय साधी आहे. नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकांचे धर्मकाटे आहेत. फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन, मग पूर्ण गाडीचं दुसरं. काटा सहसा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढी अचूकता पुरे. एकदा दोघं बसून आणि एकदा पाच माणसं व डिकीत सामान घेऊन करा. बहुतेक स्प्रिंगा बाइंड होतात त्या मागे, आणि त्याही पूर्ण भारात. रिकाम्या गाडीची चाचणी त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही.

मागच्या बाजूला आणखी एक घोळ असतो. ट्विस्ट बीमवर, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, स्प्रिंग बऱ्याचदा चाकाच्या रेषेच्या पुढे बसलेली असते, म्हणून चाक १० मिमी वर गेलं तर स्प्रिंग कदाचित ८ मिमीच दबते. या ०.८ ला मोशन रेशो म्हणतात. त्याचा वर्ग करून स्प्रिंगच्या रेटला गुणलं की चाकाला जाणवणारा रेट मिळतो, इथे ०.६४ पट. गाडी ३० मिमी खाली आणायची तर स्प्रिंगची लांबी २४ मिमीच कमी व्हायला हवी. पुढच्याच हिशेबाने मागची निवडली की मागची बाजू जमिनीला लागते.

वरच्या टोकाला ढिली पडणारी स्प्रिंग

सगळं लक्ष दबण्याकडे असतं, तर उलटी बाजू राहून जाते. आपल्या उदाहरणात चाक हवेत लोंबकळल्यावर स्प्रिंगच्या वरच्या-खालच्या दोन सीटमधलं अंतर २८५ मिमी होत असेल, तर २८३ ची स्प्रिंग दोन मिमी सैल राहील. जॅकवर घेतल्यावर ती हाताने फिरते, टोक सीटच्या खाचेतून सरकतं आणि गाडी खाली उतरवल्यावर वाकडी बसते. लोंबकळलेल्या स्थितीतही स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहिली पाहिजे.

याच कारणाने कंपनीची स्प्रिंग कापू नये. कापल्याने रेट वाढतो खरा, पण सीटमध्ये बसायला घडवलेलं टोक जातं आणि मोकळी लांबी कमी होऊन ती हमखास सैल पडते. गॅसने तापवून बसवणं तर सरळ धोक्याचं. पोलादाचं पाणीच उतरतं. उन्हाळ्यात ४५ अंशांत स्प्रिंग मऊ पडते, असंही आपल्याकडे सांगतात. त्यात तथ्य नाही. एवढ्या उष्णतेने पोलादाचा रेट नोंद घेण्याइतका बदलत नाही; म्हातारी होतात ती रबरं.

गाडीवर प्रत्यक्ष तपासणी

कागदावरचा हिशेब जमला की हे करा. गाडीची बॉडी चार भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवर काहीही करायचं नाही. स्ट्रट उतरवा, स्प्रिंग कंप्रेसरच्या दोन हुकांनी समोरासमोर दाबून वरचा नट काढा. नटावर इम्पॅक्ट गन चालवू नका, रॉड गरगर फिरून आतलं सील खराब होतं. मग स्प्रिंगशिवाय, पण बंप स्टॉप आणि माउंट लावून स्ट्रट परत बसवा, अँटी रोल बारची (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) लिंक सोडा आणि हबखाली जॅक लावून स्टॉप पूर्ण चेपेपर्यंत चाक वर घ्या. बॉडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर थांबा. तेवढ्याने स्टॉप पुरता चेपत नसेल, तर उरलेलं चेपणं हिशेबात धरा. सीट ते सीट अंतर मोजा. त्यातून व्हर्निअरने मोजलेल्या तारेवरून काढलेली मिटलेली लांबी वजा करा, उरेल ती शिल्लक. टायर आतल्या फेंडरला लागतो का आणि ब्रेकचा पाइप ताणतो का, हेही याच वेळी दिसतं.

स्प्रिंग बसवल्यावर दोन वेढ्यांच्या मधे मुलांच्या क्लेचा गोळा चिकटवा आणि पूर्ण भार घेऊन वस्तीतल्या एखाद्या ब्रेकरवरून जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. वस्तीतला तेवढाच उंच पण जेमतेम हातभर रुंद, म्हणून चाचणीला तोच उत्तम. गोळा चेपून किती जाड उरला तेवढी त्या दोन वेढ्यांमधली सर्वांत कमी फट. कागदासारखा झाला असेल तर निर्णय झाला.

आवाजावरून ओळख

भरल्या गाडीत ब्रेकरवर बोथट "धप्" आला तर स्टॉप काम करतो आहे, मात्र रोजच येत असेल तर स्प्रिंग गाडीच्या वजनाला कमी पडते. धातूचा कोरडा "टक्" आणि वेढ्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर चकचकीत रेघ म्हणजे बाइंड. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना "टण्" वाजलं तर बहुधा वरच्या माउंटचं बेअरिंग गेलं आहे किंवा स्प्रिंगचं टोक सीटच्या पायरीला टेकलेलं नाही. सिमेंट रोडच्या सांध्यांवर गाडी दोन-तीनदा डुलत राहते, हा आवाज नसून शॉकअपची तक्रार आहे: कडक स्प्रिंगचा परतीचा झटका जुन्या शॉकअपला आवरत नाही.

गाडी खाली घेणं कायद्यात बसतं का हेही आधी पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना खरेदीपूर्वी विचारून उत्तर लेखी घ्या.

शेवटचं काम बुशांचं, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचं. कंट्रोल आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे) आणि मागच्या बीमचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना पक्के आवळले तर बुशांचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी ठरल्यापेक्षा उंच दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. त्यानंतर काही शे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसू द्या. अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी त्यानंतर, टाकी अर्धी भरून.