सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनो, जीवनसत्त्वांच्या बाबतीत या चुका टाळा

सगळ्यांत घातक चूक आधी सांगतो: केमिस्टकडून ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल आणून मनाने सुरू करणं. अशा अनेक कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन असतं, म्हणजे गाजर-आंब्यातलं केशरी रंगद्रव्य, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच चाचणी 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तेव्हा डबीवरची बारीक अक्षरं वाचा. डोळ्यांसाठीच्या गोळ्याही तपासा. त्यांत बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटिन आणि झियाझँथिन ही दुसरी रंगद्रव्यं असलेला प्रकार मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. सिगारेट सोडलेल्यांनीही ही काळजी घ्यावी. गाजर, भोपळा, आंबा मात्र खुशाल खा. धोका गोळीतल्या मोठ्या मात्रेचा आहे.

खरी तूट पडते ती ‘क’ जीवनसत्त्वाची. धुरातले ऑक्सिडीकारक (पेशींना इजा करणारे) घटक ते झपाट्याने संपवतात. पेशींच्या पडद्याचं रक्षण करताना ‘ई’ जीवनसत्त्व निकामी होतं आणि त्याला पुन्हा कामाला लावतं ते ‘क’च. भारतीय शिफारस (2020) पुरुषांना रोज 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅमची आहे. धूम्रपान करणाऱ्यांनी 35 मिलिग्रॅम जास्त घ्यावं, असं अमेरिकी शिफारस सांगते.

ही वाढीव गरज पाहून लोक 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्या चघळू लागतात. एवढ्या मात्रेतलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांना ते महागात पडू शकतं. शंभर ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ असतं. म्हणजे मध्यम आकाराचा एक पेरू दिवसाची गरज भागवून वर उरतो.

पेरू सकाळीच चिरून डब्यात भरू नका; खाताना चिरा. उकळत्या वरणात लिंबू पिळू नका, कारण उष्णतेने ‘क’ नष्ट होतं. ताटात वाढल्यावर पिळा. मोरावळ्यावर भिस्त ठेवू नका: शिजवताना ‘क’ घटतं आणि साखर मात्र पोटात जाते. त्यापेक्षा कच्चा आवळा किसून कोशिंबिरीत घाला.

पेरू खाल्ला म्हणून सिगारेटची भरपाई झाली, असं मात्र होत नाही. फळाने ‘क’ची तूट भरते, पण धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आपलं काम करतच राहतात. सिगारेट सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइनच्या 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.