खुल्या नकाशात भर कशी घालावी : गिरवण्याआधी चित्र जागेवर आणा

नकाशा काढणे हे फार काळ सर्वेक्षण खात्यांचे, लष्कराचे आणि पुढे मोठ्या कंपन्यांचे काम होते. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येईल असा इंटरनेटवरचा खुला नकाशा सुरू केला आणि तेच काम कोणाही माणसाच्या हातात आले. त्याने काय साधते, हे जानेवारी 2010 मधील हैतीच्या भूकंपानंतर जगाने पाहिले. तिथल्या राजधानीचा, पोर्ट-ओ-प्रिन्सचा, तपशीलवार खुला नकाशा तोवर जवळजवळ नव्हताच. भूकंपानंतर खुल्या झालेल्या उपग्रहचित्रांवरून दूरदूरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत रस्ते, पडलेल्या इमारती आणि छावण्या नोंदवल्या, आणि मदतीला गेलेल्या पथकांनी तो नकाशा प्रत्यक्ष वापरला. अशा वेळी रस्ता दहा मीटर चुकीच्या जागी असला, तर तो ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेच कळत नाही. म्हणून नकाशा कोणालाही काढता येतो याचा अर्थ तो कसाही काढावा असा नव्हे, आणि या लेखाचा बराचसा भाग मी एकाच पायरीला, म्हणजे चित्र जागेवर आणण्याला, देणार आहे.

ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडा आणि ब्राउझरमध्येच चालणारा आयडी (iD) हा संपादक, म्हणजे नकाशात भर घालण्याचा प्रोग्रॅम, वापरा. जेओएसएम (JOSM) हा दुसरा संपादक अधिक ताकदीचा आहे, पण पहिल्या दिवशी त्याची गरज नाही. दुसऱ्या कोणत्याही व्यावसायिक नकाशातून काहीही उतरवू नका. रस्त्याचे एक नावसुद्धा नाही, आणि ‘फक्त खात्री करण्यापुरते पाहिले’ हेही नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती सप्टेंबर 2012 पासून ओपन डेटाबेस परवान्याखाली, म्हणजे ती कोणालाही अटींसह वापरता यावी अशा परवान्याखाली, दिली जाते, आणि ज्या माहितीवर दुसऱ्याचा हक्क आहे ती त्यात मिसळली की पुढे काढून टाकावी लागते, बहुधा तुमच्या इतर चांगल्या कामासकट.

आता मुख्य गोष्ट. ‘मागे उपग्रहचित्र दिसतेच आहे, त्यावरून गिरवत चला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. चित्र जागेवर आहे असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि पुष्कळदा ते नसते. उपग्रह क्वचितच अगदी डोक्यावरून टिपतो. तो तिरका पाहतो, आणि ते तिरकेपण जमिनीच्या उंचीचा हिशेब घालून दुरुस्त करावे लागते. तो हिशेब जिथे ढोबळ असतो तिथे सगळे चित्रच काही मीटर सरकते, डोंगराळ भागात तर त्याहूनही अधिक. मला स्वतःला ही पायरी नीट हाताखाली यायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण सरकलेले चित्र पाहून ते सरकलेले आहे असे मुळीच वाटत नाही. ‘सर्वांत नवे आणि स्पष्ट चित्र निवडा’ हा तर त्याहून घातक सल्ला आहे. चित्र किती स्पष्ट आहे याचा ते किती अचूक जागी आहे याच्याशी काहीही संबंध नाही.

तपासणी अशी करा. पार्श्वभूमीच्या यादीतून एकामागून एक दोन-तीन चित्रे लावून एकच चौक पाहा. चौक उडी मारत असेल, तर त्यांतले किमान एक चित्र चुकीचे आहे. कोणते, हे चित्रे सांगणार नाहीत; ते जीपीएस सांगेल. लोकांनी चढवलेले जीपीएसचे माग, म्हणजे ते ज्या वाटेने गेले तिच्या नोंदी, संपादकात दाखवता येतात. ते नसतील तर स्वतः तो रस्ता मोकळ्या आकाशाखाली, जाऊन-येऊन, मोबाईल खिशाबाहेर ठेवून नोंदवा. एका मागावर कधीही विसंबू नका. मोबाईलचे जीपीएस मोकळ्यावरही साधारण 5 मीटरपर्यंत चुकू शकते आणि उंच इमारतींमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. अनेक मागांचा जिथे गठ्ठा दिसतो त्याचा मध्य धरा.

तुलनेसाठी खुणा जमिनीलगतच्या निवडा : रस्त्यांचा छेद, मैदानाचा कोपरा, लहान पुलाची दोन टोके. खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी मात्र या कामाला निरुपयोगी आहे. तिरक्या चित्रात तिचा माथा पायापासून कित्येक मीटर दूर, कधी चक्क रस्त्याच्या पलीकडे पडलेला दिसतो. निदान तीन खुणा, एकमेकींपासून लांब, तपासा. तिन्ही एकाच दिशेला आणि सारख्याच अंतराने सरकलेल्या असतील, तर पार्श्वभूमीच्या पॅनेलमधील चित्र सरकवण्याच्या सोयीने चित्र मागांवर आणून बसवा. तिन्हींची दिशा वेगळी असेल, तर उताराचा परिणाम आहे असे समजा आणि परिसराचे लहान तुकडे करून प्रत्येकासाठी चित्र नव्याने बसवा. फरक दोन-तीन मीटरांचा आणि माग एकच असेल, तर काहीही हलवू नका.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो : आधी काढलेली घरे आणि रस्ते तुमच्या चित्राशी जुळत नाहीत म्हणून ते सरकवू नका. संपूर्ण वस्ती एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर बहुधा तुमचेच चित्र सरकलेले असते, आणि आधी काम करणाऱ्याने कदाचित पायी फिरून ती जागा निश्चित केलेली असते. मोजमाप हाती असल्याखेरीज दुसऱ्याचे काम हलवणे हा त्याच्या कष्टांवर अन्याय आहे.

चित्र बसले की उरलेले काम सोपे आहे. इमारतीचे छप्पर गिरवा, मग तो आकार उचलून पायाशी आणा, कारण नकाशावर इमारतीचा पाया हवा असतो. क्यू कळ दाबली की कोपरे काटकोनात येतात. रस्ते एकमेकांना खरोखर जोडले आहेत ना, ते पाहा, नाहीतर मार्ग शोधणारे ॲप तिथे अडते. नाव तेच लिहा जे तिथल्या पाटीवर आहे किंवा तिथले लोक वापरतात. माहीत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा.

जतन करताना शेऱ्यात काय केले, कोणते चित्र वापरले आणि ते सरकवले होते का, हे एका वाक्यात लिहा. पुढच्या माणसाला तुमच्या रेषांवर किती विश्वास ठेवायचा ते त्यावरूनच ठरवता येते. त्या शेऱ्याखाली कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या, आणि पुढच्या वेळी बसाल तेव्हा, परिसर तोच असला तरी, पहिली रेषा ओढण्याआधी चौक पुन्हा तपासा. पुरवठादार मधल्या काळात चित्र बदलतात, आणि त्यांनी ते बदलले की तुमचे जुने मोजमाप लागू राहत नाही.