तुमचा प्रश्न होलीरूडमधे पोचवायचाय? मग विरोधी पक्षाचा एमएसपी असा गाठा

एमएसपी म्हटलं की आपल्या डोक्यात आधी हमीभाव येतो, सोयाबीनचा नाहीतर कापसाचा. इकडे स्कॉटलंडमधे एमएसपी म्हणजे आमदार, एडिनबरामधल्या होलीरूडच्या संसदेतला. ग्लासगोत येऊन मला बरीच वर्षं झाली पण माझे एक नाही तर आठ आमदार आहेत हे मला कितीतरी उशिरा कळलं. आणि आपल्या लोकांच्या गप्पांत दर वेळी तेच, एनएचएसचा (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) डेंटिस्ट मिळत नाही, हॉस्पिटलची वेटिंग लिस्ट हलत नाही, सांगायचं कुणाला? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी दार बरोबर आहे का ते बघा. आरोग्य, शाळा, घरं, पोलीस, ट्रेन-बस, पर्यावरण हे विषय १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यानंतर एडिनबराच्या ताब्यात आले, १९९९ पासून ही संसद चालू आहे. व्हिसा, इमिग्रेशन, पासपोर्ट, संरक्षण, परराष्ट्र हे सगळं लंडनकडे, वेस्टमिन्स्टरला. म्हणजे बायकोच्या डिपेंडंट व्हिसाचं अडलं असेल तर एमएसपी नाही, एमपी, म्हणजे खासदार. आणि कचऱ्याचा डबा उचलला नाही, रस्त्याला खड्डा पडला, तर दोघंही नाहीत, काउन्सिलर, म्हणजे नगरसेवक. मी स्वतः हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं रडगाणं एमपीला पाठवलं होतं, तिकडून नम्रपणे उत्तर आलं की हा विषय आमच्याकडे नाही, तोपर्यंत तीन आठवडे गेले.

आता हे आठ कसे ते बघा. एकूण १२९ एमएसपी, त्यातले ७३ मतदारसंघाचे आणि ५६ रिजनचे, म्हणजे अनेक मतदारसंघ मिळून होणाऱ्या मोठ्या विभागाचे, रिजन आठ आणि प्रत्येकात सात. तुमचा मतदारसंघाचा एक अधिक रिजनचे सात, झाले आठ. रिजनच्या जागा वाटताना मतदारसंघात कोणी किती जिंकल्या ते धरलं जातं, त्यामुळे तिथे मागे पडलेल्या पक्षांना इथे जागा मिळतात, आणि म्हणूनच मतदारसंघाचा आमदार सरकारी पक्षाचा असला तरी त्या सातांत विरोधी पक्षाचं कोणीतरी सापडतंच. संसदेच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की नावं येतात. २०२६ च्या निवडणुकीत सीमा बदलल्यात, जुनी यादी सेव्ह केलेली असेल तर फेकून द्या. मतदार असायची गरज नाही, तिथे राहता एवढं पुरतं. (तसं भारतीय पासपोर्टवर रीतसर राहणाऱ्यालाही इथे मतदान करता येतं, कॉमनवेल्थवाले म्हणून, आणि होलीरूडसाठी वय १६. नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा की.)

विरोधी पक्षाचाच का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. काम फक्त तुमचं एकट्याचं असेल आणि गुपचूप व्हायला हवं असेल तर सरकारी पक्षाचा आमदारसुद्धा चांगला, तो आतून फोन करतो. पण तोच त्रास शंभर लोकांना होत असेल आणि मंत्र्याला चारचौघांत उत्तर द्यायला लावायचं असेल तर विरोधी पक्षवाला, कारण त्याला दर आठवड्याला सरकारला विचारायला काहीतरी हवंच असतं आणि तुम्ही ते हातात आणून देता. आठही जणांना एकच ईमेल मात्र टाकू नका, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

ईमेल छोटा लिहा. पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड, त्याशिवाय ऑफिसवाले पुढे वाचतच नाहीत असं समजा. मग तारखांसकट काय घडलं ते आठ-दहा ओळीत, आणि आधी कुठे तक्रार केली त्याचा नंबर. एनएचएसचं असेल तर हेल्थ बोर्डाकडे (तुमच्या भागातली एनएचएस चालवणारी संस्था) तक्रार केलेली असलीच पाहिजे, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. शेवटी स्पष्ट लिहा की माझं नाव सभागृहात घेतलं तर चालेल किंवा चालणार नाही. प्रकरण कोर्टात चालू असेल तर तेही सांगा, कोर्टात असलेल्या गोष्टीवर सभागृहात बोलायला बंधनं आहेत. प्रत्यक्ष भेटायचं तर त्यांच्या 'सर्जरी'ला जा. घाबरू नका, आमदाराच्या भेटीच्या वेळेला इथे सर्जरीच म्हणतात.

आता खरी गंमत, म्हणजे त्याला प्रश्न तयार करून देणं. लेखी प्रश्न हे सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे, आपल्या विधानसभेतल्या अतारांकित प्रश्नासारखं, साधारण दहा कामाच्या दिवसांत सरकारकडून उत्तर येतं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. 'आमच्याकडे डेंटिस्ट का मिळत नाही?' असं विचारलंत तर मंत्री दोन पानं गोड बोलेल आणि हातात काहीच पडणार नाही. त्याऐवजी 'अमुक हेल्थ बोर्डात एनएचएसचे नवे प्रौढ पेशंट घेणारे दवाखाने किती, आणि गेल्या तीन वर्षांत दरवर्षी किती होते?' असं विचारायला लावा. ही माहिती आमच्याकडे एकत्र ठेवलेली नाही असं उत्तर आलं तर तीही बातमीच आहे, आणि मग तुम्ही स्वतः हेल्थ बोर्डाला माहिती अधिकारात विचारा, इथला कायदा २००२ चा आहे आणि मुदत २० कामाचे दिवस.

टीव्हीवर दिसतं ते गुरुवारचं, दुपारी बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्याला, प्रश्न. सुरुवातीचे प्रश्न विरोधी नेत्यांचे, बाकीच्यांना एखादाच मिळाला तर मिळाला. बुधवारी रात्री ईमेल करून काही होत नाही, आठवड्याच्या सुरुवातीलाच गाठायचं, आणि तुमची गोष्ट दोन वाक्यांत बसली पाहिजे. तुमची फाइल पन्नास पानांची असली तरी सभागृहात दोनच वाक्यं वाचली जाणार, ती तुम्हीच लिहून दिलीत तर निदान चुकीची तरी होणार नाहीत. याशिवाय मेंबर्स बिझनेस नावाची चर्चा असते, त्यात शेवटी मतदान होत नाही पण मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी दुसऱ्या पक्षांच्याही सह्या लागतात.

हे सगळं एकत्र लावलं की काय होतं ते मेशच्या प्रकरणात दिसलं. अंग खाली येणं, लघवी गळणं यासाठी बायकांना प्लास्टिकची जाळी बसवायचे, त्यातल्या काहींना पुढे भयंकर वेदना, कुणाला चालता येईना. २०१४ मधे त्यांच्यातल्या काहींनी संसदेत पिटिशन दाखल केली. (पिटिशनला एकच सही पुरते, फक्त विषय सगळ्या देशाचा हवा, एका गल्लीचा नको.) लेबरचे नील फिंडले आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे जॅक्सन कार्लॉ, एरवी एकमेकांशी अजिबात न पटणारे, पण या विषयावर दोघंही वर्षानुवर्षं मागे लागले. २०१४ मधेच आरोग्यमंत्री अ‍ॅलेक्स नील यांनी हॉस्पिटलांना वापर थांबवायला सांगितलं, तरी वापर पूर्ण थांबायला २०१८ उजाडलं, आणि खाजगीत जाळी काढून घेतलेल्यांचे पैसे परत द्यायचा कायदा आला २०२२ मधे. आठ वर्षं. सरकारी पक्षाचे अ‍ॅलेक्स नीलसुद्धा मंत्रिपद गेल्यावर याच बायकांच्या बाजूने बोलत होते, त्यामुळे एकाच पक्षाच्या नावाने शिक्का मारून घेऊ नका.

आणि विरोधी आमदार कायदाही करू शकतो. लेबरच्या मोनिका लेनन यांनी २०१७ मधे मोफत सॅनिटरी पॅडचा प्रस्ताव लोकांसमोर ठेवला, सरकार सुरुवातीला तयार नव्हतं, आणि नोव्हेंबर २०२० मधे बिल एकही विरोधी मत न पडता पास झालं. पण त्यासाठी आधी इतर १८ एमएसपींचा पाठिंबा लागतो, तेही वेगवेगळ्या पक्षांतून, तेव्हा पहिल्याच भेटीत 'कायदा करा' म्हणू नका.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी फोन करा, आमदाराला नाही, ऑफिसात केसवर्क, म्हणजे लोकांच्या तक्रारी, बघणाऱ्याला, खरं काम तोच करतो, त्याचं नाव लक्षात ठेवा. आणि तुमचा प्रश्न लागला की गॅलरीचं तिकीट काढा, फुकट असतं, फक्त गुरुवारचं लवकर संपतं.